दहा मिलिमीटरचा बोल्ट

कर्तन प्रतिबल हा शब्द ज्यानं कुणी घडवला, त्यानं जन्मात एकदाही नट-बोल्टाला हात लावला नसावा, अशी माझी पक्की समजूत आहे. मी यवतमाळच्या एका खासगी तंत्रनिकेतनात दुसऱ्या वर्षाला हा विषय शिकवते. मुलं त्याला शिअर म्हणतात, मीही शिअरच म्हणते. बल भागिले क्षेत्रफळ, एवढं सगळ्यांना तोंडपाठ असतं. परीक्षेत सायकलच्या पायडलची पिन दिली, की निम्मी मुलं क्षेत्रफळाच्या जागी पिनेची लांबी घालतात आणि जे काही उत्तर येईल ते चौकटीत बसवून खाली दोन रेघा ओढतात. त्या उत्तरावर विश्वास ठेवायचा तर सायकलवर बसलेला माणूस हत्तीपेक्षा जड असायला हवा, पण त्याचं कुणाला काही वाटत नाही. आमचे विभागप्रमुख म्हणतात, मॅडम, सूत्र लिहिलंय ना, मग अर्धे मार्क द्या. मी देते. पगार त्याचाच मिळतो.

वर्गात मी भाकरीची चळत सांगते. टोपलीत एकावर एक रचलेल्या भाकरी वरून दाबल्या तर तो दाब. एकच भाकरी दोन्ही हातांनी धरून ओढली तर तो ताण. आणि चळतीच्या वर तळवा ठेवून ती आडवी लोटली की भाकरी एकमेकींवरून सरकतात, तो शिअर. दोन पट्ट्यांना जोडणारा बोल्ट असाच कापला जातो. एक पट्टी इकडे ओढते, दुसरी तिकडे, आणि बोल्टाचा अर्धा भाग दुसऱ्या अर्ध्यावरून सरकायला बघतो. जेवढा जोर लागला त्याला त्या कापल्या जाणाऱ्या गोल चकतीच्या क्षेत्रफळानं भागायचं. लांबीचा तिथं काडीचाही संबंध नाही. भाकरीचं नाव काढल्यावर मुलं हसतात, मान डोलावतात आणि पेपरात पुन्हा लांबीच घालतात.

तरी मुलांचा मला राग येत नाही. त्यांना निदान नापास होण्याची भीती असते. ज्यांना कशाचीच भीती नाही आणि ज्यांचा पेपर कुणी तपासत नाही, अशी माणसं बघायला मला माहेरी जावं लागतं.

माहेर आर्णी तालुक्यात. आई-वडील आता नाहीत, घर आणि वावर दादाकडे आहे. दादानं दहावीनंतर शाळा सोडली याचा त्याला अभिमान आहे, आणि मी एम.टेक. झाले याचा त्याहून जास्त. बाहेर तो, आमची बाई इंजिनेरीच्या पोट्ट्यायले शिकोते, असं सांगत फिरतो. घरात मात्र मी एखाद्या मशीनबद्दल तोंड उघडलं, की त्याला नेमकी चहाची तलफ येते आणि तो मला चुलीकडे पिटाळतो.

काही वर्षांपूर्वी त्यानं थ्रेशर घेतलं. आपल्या ट्रॅक्टरला जोडून तो हंगामात गावोगावचं सोयाबीन, तूर काढून देतो. ट्रॅक्टरच्या मागून एक दांडा फिरतो, तो थ्रेशरच्या ड्रमचा शाफ्ट फिरवतो. दांडा आणि शाफ्ट यांच्या जोडावर एक बोल्ट असतो, आठ मिलिमीटरचा, मऊ लोखंडाचा. सगळ्या यंत्रात तो एकटाच कमजोर असतो आणि तो मुद्दाम तसा ठेवलेला असतो. ड्रममध्ये ओला पेंढा अडकला, दगड गेला, एखादीचा विळा गेला, की ट्रॅक्टर जोर लावत राहतो आणि ड्रम फिरत नाही. अशा वेळी कुणीतरी तुटणं भाग असतं. तेव्हा तो बोल्ट कापला जातो, दांडा मोकळा फिरतो आणि बाकी सगळं शाबूत राहतं. मग खाली उतरायचं, ड्रम साफ करायचा, खिशातला नवा बोल्ट टाकायचा आणि पुढं चालू करायचं. चहाच्या कपाएवढ्या किमतीची गोष्ट.

पण आमच्या गावाला असं सरळ काही पटत नाही. गावाचं ठाम मत होतं, की कंपनी मुद्दाम कच्चा बोल्ट टाकते, म्हणजे माणूस दर आठवड्याला तिच्याच दुकानात गेला पाहिजे. पारावर बसणारे सगळे या विषयातले तज्ज्ञ होते. ज्यांच्या घरी सायकलचं पंक्चर काढायला दुसरा लागतो तेही कंपनीच्या बदमाशीवर तासभर बोलत. दादाचा बोल्ट हंगामात पुष्कळदा तुटायचा, आणि प्रत्येक वेळी गावातले चार-दोन जण त्याला हळहळून सांगायचे, की भाऊ, तुमची फसवणूक होऊन राह्यली. माझा भाऊ त्या हळहळीनं फुगायचा. फसवणूक व्हायलाही माणूस तेवढ्या तोलामोलाचा लागतो, असं काहीतरी त्याच्या डोक्यात असावं.

त्याच्या या दुःखावर इलाज सापडला वणीला. वहिनीचा भाऊ तिथं कोळशाच्या ट्रकांच्या गॅरेजात काम करतो. खाणीच्या रस्त्यांवर ते ट्रक दणके खात चालतात, त्यामुळे त्यांचे बोल्ट सगळे कडक जातीचे. त्यातले निघालेले, पण धड असलेले मूठभर बोल्ट त्यानं एका सणाला बहिणीच्या घरी आणले. लोक मिठाई आणतात. दादाला ते बघून जो आनंद झाला, तो त्याला पहिल्या मुलाच्या वेळीही झाला नव्हता, असं वहिनी म्हणाली. बोल्ट दहा मिलिमीटरचे होते, भोक आठचं होतं. दादानं जोडाचे दोन्ही तुकडे आर्णीला नेले आणि भोक दहाचं करून आणलं.

दसऱ्याला मी घरी गेले तेव्हा हा पराक्रम होऊन गेला होता. थ्रेशर धुऊन अंगणात उभं होतं. आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या सगळ्या लोखंडाची पूजा होते, अगदी विळ्या-खुरप्यांपासून ट्रॅक्टरपर्यंत. दादानं जोडावरची जाळी काढून ठेवली होती आणि नव्या बोल्टाच्या डोक्यावर कुंकू लावलं होतं. शाफ्टला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. बघायला आलेल्यांना तो वाकून तो बोल्ट दाखवत होता. लोकही वाकून दर्शन घेत होते. मी पदरानं कुंकू पुसलं आणि बोल्टाच्या डोक्यावरचा आकडा वाचला. दहा पूर्णांक नऊ, म्हणजे पोलादाच्या कडक जातीची खूण. हा बोल्ट ट्रकाचं वजन पेलायला बनवलेला असतो, तुटायला नाही.

मी तिथंच उभ्याउभ्या हिशेब सांगितला. जुन्या बोल्टाची चकती पन्नास चौरस मिलिमीटरची. मऊ लोखंड दर चौरस मिलिमीटरला तीनशे न्यूटनच्या आसपास कापलं जातं. म्हणजे पंधरा हजार न्यूटन, साधारण दीड टनाचा जोर आला की तो तुटणार. नव्याची चकती अठ्ठ्याहत्तरची आणि पोलाद दुप्पट कडक. म्हणजे पावणेपाच टन आल्याशिवाय तो हलायचा नाही. तोवर तो सगळा जोर जाणार कुठं? ड्रमच्या शाफ्टमध्ये. शाफ्टला पीळ बसतो तोही शिअरच असतो. जुना बोल्ट तुटायचा तेव्हा शाफ्टवर दर चौरस मिलिमीटरला सत्तर न्यूटनच्या आसपास यायचं. आता सव्वादोनशे येणार, आणि दोनशेच्या पुढं तो शाफ्ट पिळवटायला लागणार. त्यात त्याला एका टोकाला चावी, म्हणजे चाक पक्कं धरणारी लोखंडी पट्टी, बसवायची खाच आहे, तिथं आणखी वाईट.

अंगणातली माणसं शांतपणे ऐकत होती, जसं पुराण ऐकतात. दादानं मला शेवटपर्यंत बोलू दिलं. मग तो सगळ्यांकडे बघून हसला.

"बाई, तू फळ्यावर शिकोते, मी वावरात चालोतो. दोन एमएमनं काय फरक पडते?"

दोन मिलिमीटरनं चकती दीडपट होते, हे मी त्याला सांगणारच होते. पण अंगणात जो हशा पिकला त्यात माझी दीडपट वाहून गेली. एका काकांनी मला समजावलं, की मजबूत वस्तू कधी वाईट असते का बेटा. मी त्यांच्याकडे बघितलं. एवढी वर्षं कॉपी करणाऱ्या मुलांना मी शिकवत आले, पण इतका निर्मळ अडाणीपणा मला वर्गात बघायला मिळालेला नाही.

या सगळ्यात वहिनी एका बाजूला उभी होती. तिचं लक्ष बोल्टावर नव्हतं, आभाळाकडे होतं. त्याचं कारण वावराच्या कडेला ताडपत्रीखाली झाकलेला तिचा ढीग.

त्या वर्षी गावातल्या बायकांच्या गटानं ठरवलं होतं, की बियाणं दुकानातून घ्यायचं नाही. आदल्या वर्षी कित्येकांचं सोयाबीन उगवलंच नव्हतं, दुबार पेरणी करावी लागली होती. तर एकीनं चांगलं बियाणं तयार करायचं आणि बाकीच्यांनी तिच्याकडून घ्यायचं. ती एक म्हणजे वहिनी. लग्न होऊन आल्यापासून या घरात तिच्या नावानं झालेली ही पहिली गोष्ट. तिनं दादाकडून दोन एकर मागून घेतलं होतं. फुलावर आल्यावर ती ओळीओळीनं फिरून वेगळ्या रंगाच्या फुलांची झाडं उपटून टाकायची, म्हणजे बियाण्यात दुसरी जात मिसळू नये. शेंगा वाळल्यावर कापणी तिनं सकाळच्या दवात करवली, म्हणजे शेंगा फुटू नयेत. आता ते सोयाबीन कोरडं असतानाच निघायला हवं होतं, आणि ड्रम हळू चालवून, कारण दाण्याच्या सालीला तडा गेला की ते तेलाला चालतं, पेरायला चालत नाही. ढीग भिजला तर सगळंच संपलं. हे तिनं मला दोनदा सांगितलं, एरवी ती कुठलीच गोष्ट दोनदा सांगत नाही.

दादाचं उत्तर ठरलेलं होतं. घरचं शेवटी. सगळे थ्रेशरवाले तसंच करतात, आधी बाहेरच्यांचं काढतात, घरचं कुठं पळून जात नाही. वहिनीनं विचारलं, की पाऊस आला तर. तो म्हणाला, पावसाले आपल्याच घरचा पत्ता माहीत आहे का. यावरही लोक हसले. या गावात माझ्या भावाला विनोदी समजतात.

दसऱ्यानंतरचे काही दिवस मी रजा टाकून तिथंच राहिले. ते दिवस मला फार जड गेले, कारण तो कोळशाच्या ट्रकाचा बोल्ट उत्तम चालत होता. ढिगामागून ढीग निघत होते. दादा रोज संध्याकाळी येऊन, हात धुता धुता, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगायचा, की आज एकदाही उतरावं लागलं नाही. शेजारच्या गावातला एक थ्रेशरवाला त्याच्याकडून दोन बोल्ट मागून घेऊन गेला. मी स्वतःशी कबूल करते, की मी रोज त्या शाफ्टच्या तुटण्याची वाट बघत होते. नुसती वाट नाही, मला ते हवंसं झालं होतं. बरोबर असून हसं होणं हे किती कडू असतं ते मला तेव्हा कळलं.

माझा हिशेब चुकलेला नव्हता. एवढंच, की कोरडं सोयाबीन होतं, काही अडकत नव्हतं, आणि जोर कधी वर गेलाच नव्हता. न आलेला जोर कुणी मोजत नाही. दादा मात्र रोज संध्याकाळी तोच मोजून दाखवत होता.

एका दुपारी वहिनी माझ्याजवळ येऊन बसली. दादा वावरात होता. तिनं विचारलं ते मला अजून शब्दनशब्द आठवतं, कारण तोवर तो प्रश्न कुणीच विचारला नव्हता.

"ताई, मले एक सांगा. बोल्ट नाही तुटला, त मंग काय तुटते?"

मी तिला भाकरीची चळत दाखवली. खरीखुरी, तिच्याच टोपलीतली. मग शाफ्ट म्हणजे काय, तो तुटला तर किती दिवस लागतात, नवा कुठून येतो, ते सांगितलं. हंगामात शाफ्ट मिळायला अमरावती-नागपूर गाठावं लागतं आणि तो बसवायला आठवडा जातो. वहिनीनं मान खाली घालून ऐकलं. मग ती म्हणाली, की तिच्या ढिगाला जुनाच बोल्ट हवा. तो तुटला तर तुटू दे, ती खाली बसून बदलायचा तेवढा वेळ थांबेल.

पण जुना आता बसणार नव्हता. भोक दहाचं झालं होतं, आठचा बोल्ट त्यात खडखडला असता आणि धड कापलाही गेला नसता. त्यावर उपाय होता. मऊ लोखंडाचा दहाचा बोल्ट घ्यायचा आणि जिथं तो कापला जायला हवा नेमक्या त्या जागी लेथवर भोवताली खाच पाडायची, म्हणजे आत आठच मिलिमीटर उरतं. बाहेरून भोकात घट्ट, आतून जुन्याएवढाच कमजोर. मी आर्णीला जाऊन तसे चार बोल्ट करून आणले. लेथवाल्यानं काम केलं, पण मी दुकानातून निघेपर्यंत तो मला आणि बोल्टांना आळीपाळीनं बघत होता. चांगला बोल्ट बिघडवायला पैसे देणारं गिऱ्हाईक त्यानं आधी पाहिलं नसावं.

त्याच संध्याकाळी ढग आले. वहिनीनं जेवताना विषय काढला, की उद्या माझा ढीग घ्या आणि ताईंचा बोल्ट लावा. दादानं बोल्ट हातात घेतला, खाचेवरून बोट फिरवलं आणि ताटाशेजारी ठेवून दिला. म्हणाला, खाच पाडून बोल्ट कमजोर करणारी इंजिनेर पहिल्यांदाच पाहून राह्यलो. पण वहिनीच्या चेहऱ्याकडे बघून तो जरा नरमला. नाल्यापलीकडच्या एका मोठ्या शेतकऱ्याचा ढीग त्यानं सकाळी घ्यायचं कबूल केलं होतं, तो झाला की दुपारी तिचा. तिच्या ढिगाला पाहिजे तर बाईचा बोल्ट लावू, म्हणाला, खेळणं समजून. वहिनीनं ते मान्य केलं. तिला मान्य करायची सवय होती.

नाल्यापलीकडचा ढीग खालून ओला होता. तिथं जमीन पाणथळ, आणि त्या गृहस्थांनी ताडपत्री घातली होती ती वरून, खाली काहीच नाही. दादाला हे दिसलं नसेल असं नाही. पण नवा बोल्ट होता ना. मी आणि वहिनी तिच्या ढिगाजवळ ताडपत्री सोडून बसलो होतो, आणि नाल्यापलीकडून ट्रॅक्टरचा आवाज येत होता. तो एकदम जड झाला. जुन्या दिवसांत अशा वेळी टक्क आवाज यायचा, बोल्ट जायचा आणि ट्रॅक्टर हलका व्हायचा. या वेळी तो जड होत गेला, आणखी जड, आणि मग असा एक आवाज आला की नाल्यावरचे बगळे उडाले. त्यानंतर ट्रॅक्टर मोकळा फिरत राहिला, कुणीतरी बंद करेपर्यंत.

आम्ही पोचलो तेव्हा सगळे लांब उभे होते. सुदैवानं कुणाला लागलं नव्हतं. ड्रमचा शाफ्ट चावीच्या खाचेपाशी पिळवटून तुटला होता आणि जाताना बेअरिंगची बैठक फोडून गेला होता. तुटलेल्या तोंडावर तो पीळ स्वच्छ दिसत होता, वर्गात दाखवायला न्यावा इतका स्वच्छ. कोळशाच्या ट्रकाचा बोल्ट जागच्या जागी होता. त्याला ओरखडाही नव्हता. मी ज्या क्षणाची इतकी वाट बघितली होती तो क्षण आला होता, आणि मी वहिनीकडे बघितलं तर ती शाफ्टकडे बघतच नव्हती. ती पुन्हा आभाळाकडे बघत होती.

तिनं काय काय केलं नाही. तांड्यावरच्या थ्रेशरवाल्याकडे मी तिच्यासोबत गेले. तो भला माणूस होता, पण ढग बघून सगळा परिसर त्याच्या अंगणात येऊन बसला होता, त्यानं दोन दिवसांनी येतो म्हणून शब्द दिला. गटातल्या बायकांना काठ्या घेऊन बोलवावं आणि हातानं बडवून काढावं म्हटलं, तर ज्याचा त्याचा माल वावरात पडलेला, कोण येणार. चौघीजणी आल्या आणि अंधार पडेपर्यंत बडवत राहिल्या. ढिगाचा एक कोपरा झाला. रात्री पाऊस लागला आणि तो नुसता पाऊस नव्हता, वाऱ्यासकट आला. ताडपत्रीची एक बाजू उडाली. पाऊस थांबून ढीग वाळेपर्यंत शेंगांमध्ये दाणे फुगले होते आणि काहींना तर शेंगेतच कोंब फुटले होते.

मी यवतमाळला परत आले. कॉलेजात प्रॅक्टिकलच्या परीक्षा होत्या. तिकडे गावात काय चाललंय ते मला फोनवर कळत होतं. तुटलेल्या शाफ्टचं काय झालं ते लोकांनी ठरवून टाकलं होतं. यवतमाळच्या बाईनं खाच पाडलेला कच्चा बोल्ट आणला, दादानं बहिणीचं मन राखायला तो लावला आणि मशीन गेलं. माझा बोल्ट त्या थ्रेशरला लागलाच नव्हता. तो वहिनीच्या घरातल्या फळीवर पडून होता. पण ज्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी कोळशाचा बोल्ट त्या जोडावर शाबूत पाहिला होता तेही हीच गोष्ट सांगत होते. आणि दादा ती खोडून काढत नव्हता. त्यानं स्वतः ती कुणाला सांगितली नाही, हे मी मानते. तो फक्त ती ऐकून गप्प बसायचा, जसा मोठ्या मनाचा माणूस बसतो. त्या काळात माझ्या मनात त्याच्याबद्दल एवढी किळस होती, की भाऊबीजेला जावं की नाही यावर मी दोन दिवस विचार केला. नवा शाफ्ट आणला तो आधीच्यापेक्षा जाड, आणि बोल्ट तोच ट्रकाचा, हे कळल्यावर मी जायचा विचारही सोडून दिला. या माणसाला त्याच्या अकलेनंच धडा शिकवला होता, आणि तो धडा त्यानं यंत्राच्या पुढच्या भागाकडे ढकलून दिला होता.

शेवटी गेले, ते वहिनीसाठी. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी गटातल्या बायका बियाण्याचं बोलायला येणार होत्या. भिजून वाळलेलं सोयाबीन तिनं नंतर तांड्याच्या थ्रेशरवर काढून घेतलं होतं, पोती भरून ओसरीत लावली होती. दिसायला ठीक दिसत होतं, थोडं काळपट. आठवडाभरापूर्वी तिनं त्यातले शंभर दाणे मोजून ओल्या पोत्याच्या तुकड्यात ओळीनं मांडून गुंडाळून ठेवले होते. आमच्याकडे बी उगवतं की नाही हे असंच बघतात. आदल्या संध्याकाळी तिनं ते उघडलं, तेव्हा मी शेजारी होते. निम्म्यांनाही कोंब नव्हते. उरलेले दाणे मऊ पडले होते, बोटानं दाबले की वास येत होता.

दादानंही ते बघितलं. त्यानं वहिनीला जे सांगितलं ते मी आतल्या खोलीत ऐकलं. बायकांना दाखवू नको, बी देऊन टाक, एकरी दोन किलो जास्त टाकायला सांग म्हणजे उगवेल तेवढं उगवेल. जूनपर्यंत कोण लक्षात ठेवते. दुकानवाले काय वेगळं करतात. आणि नाहीच उगवलं, तर पाऊस होता म्हणायचं, पाऊस खोटा थोडीच आहे. वहिनीच्या भांडी लावण्याचा आवाज तेवढा आला. घरातला प्रत्येक दणका तिच्यापाशी येऊन थांबायचा आणि बाकी सगळे ठणठणीत राहायचे, हे मी लहानपणापासून नाही, पण ती आल्यापासून बघत आले होते. मला वाटलं, उद्याही तेच होणार. मी झोपताना तिच्यावरही मनातून चिडले.

सकाळी बायका आल्या, ओसरीत बसल्या. दादा खाटेवर होता, मुद्दाम. चहा झाला. एकीनं पोत्यांकडे बघून विचारलं, की मंग आमच्या पायल्या कधी मोजतेस. वहिनी उठली, आत गेली आणि तो ओल्या पोत्याचा तुकडा घेऊन आली. तिनं तो बायकांच्या मधोमध पसरला.

"पाहा. निम्मंबी नाही उगोलं. हे बी मी कोणाले देत नाही."

बायका वाकल्या. कुणीतरी हळहळली, की बाप्पा, पावसानं घात केला. दादा खाटेवरून लगेच म्हणाला, हौ न, पाऊसच तसा आला. वहिनी त्याच्याकडे वळली नाही. ती बायकांनाच बोलली, अगदी साध्या आवाजात, भाजीचा भाव सांगावा तसं.

"पाऊस नंतर आला. पहिले यायच्या थ्रेशरचा शाफ्ट तुटला. ताईनं सांगितलं होतं का तुटन. ताईचा बोल्ट लावलाच नव्हता, थो फळीवर आहे. यायनं ट्रकाचा लावला होता, अन् ओल्या ढिगावर चालोला."

दादाचा चेहरा आधी लाल झाला, मग त्याला रंगच उरला नाही. तो खाटेवरून उठला आणि दातांत बोलला, चारचौघींत नवऱ्याची इज्जत घालवून तुला काय भेटलं. मला वाटलं, आता ती मान खाली घालेल. ती दाणे निवडत होती, उगवलेले एकीकडे, सडलेले एकीकडे. तिनं हात थांबवला नाही.

"तुमची इज्जत चार दिवसांत वापस येईन," ती म्हणाली. "माह्यं बियाणं येत नाही."